वर क्रीम, खाली पितळ: डेक्कनवरच्या एका बंगल्याच्या दिव्यांचं प्रकरण

डेक्कन जिमखान्यावर, नदीच्या बाजूला, १९५६ साली बांधून झालेला हा दुमजली बंगला. गोल कोपऱ्याचा पोर्च, खिडक्यांवर लांब पसरलेले छज्जे, लोखंडी चौकटीची तावदानं, खाली मोझेक टाइल्स, जिन्याला सागवानी कठडा. पुण्यात अशी घरं भराभर पडत आहेत. हे उभं राहिलं, कारण घरातल्या काकूंनी आलेल्या प्रत्येक बिल्डरला चहा पाजून परत पाठवलं. काकूंचा मुलगा बंगळूरहून कायमचा परत आला, तेव्हा घराची मोठी दुरुस्ती निघाली आणि दिव्यांचं काम माझ्याकडे आलं.

मागणी साधी वाटत होती: घर ज्या काळातलं आहे, त्या काळातले दिवे शोधायचे, दुरुस्त करायचे आणि बसवायचे. मुलाने फोनवर बरेच फोटो जमवले होते. त्यात डेन्मार्कचा १९५८ सालचा पीएच ५ नावाचा टांगता दिवा होता, इटलीतले लांब दांड्यांचे दिवे होते. दिवे सुरेखच आहेत आणि काळही जुळतो. पण ते या घरात कधी आले नव्हते. मी म्हटलं, "आधी या घरात काय होतं ते बघू. काहीच हाती लागलं नाही, तर मग बाहेरचं बघू." काकू म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे पितळी दिवे होते. दिवाळीला मी स्वतः घासायची." काकूंच्या या वाक्याभोवतीच पुढचं सगळं काम फिरलं.

छतावर आणि माळ्यावर काय सापडलं

जुन्या घरात दिवा गेला तरी त्याची जागा बोलते. दिवाणखान्यात ट्यूबलाइट भिंतीवर होत्या, पण छताच्या मधोमध स्लॅबमध्ये सोडलेला लोखंडी हूक होता आणि त्याच्याभोवती फिकट हिरव्या डिस्टेंपरचं सहा इंची वर्तुळ. बाकी छतावर रंगाचे थरावर थर चढले होते. या वर्तुळावर फक्त पहिला थर, कारण त्यावर दिव्याची, छताला टेकणारी वाटी बसलेली होती. म्हणजे दिव्याच्या वरच्या वाटीचं माप आपोआप मिळालं. समोरासमोरच्या भिंतींवर साधारण सहा फुटांवर दोन बुजवलेले पॉइंट होते, आत सागवानी गोल गुटके तसेच. वरच्या मजल्यावर तर चार ब्रॅकेट, म्हणजे भिंतीवरचे दिवे, जागेवरच होते. ऑइलपेंटच्या इतक्या थरांखाली दबले होते की आकारच बोथट झाला होता.

जेवणघरात छताला एक लहान पत्र्याची पट्टी आणि त्यात एक कप्पी. ही कप्पी कशाची, ते घरात कुणालाच सांगता येईना.

उत्तर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला चिनी मातीचा पांढरा लंबगोल, नासपतीएवढा, पण हातात घेतला की मनगट खाली जाईल इतका जड. आत शिशाचे छर्रे. सोबत एक मोठी दुधी काचेची छत्री, दोन पितळी ब्रॅकेट आणि बल्बचं एक रिकामं खोकं. खोक्यावर रेडिओ लॅम्प वर्क्सचं नाव. ही कंपनी १९३८ साली सुरू झाली आणि १९६० साली तिचं नाव बजाज इलेक्ट्रिकल्स झालं. म्हणजे खोकं त्याआधीचं. ट्रंकेच्या तळाशी बिलांची वही होती. त्यात ‘५ लाइट सीलिंग फिटिंग १, ब्रॅकेट ६, राइज अँड फॉल १’ अशी नोंद, आणि रक्कम रुपये-आणे-पैमध्ये. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. त्यामुळे आण्यातली नोंद बांधकामाच्या सुमाराचीच धरायला हरकत नव्हती. तारखेचा आकडा पुसट झाला होता, तरी एवढ्यावरून काळ पक्का झाला.

आता हिशोब लागला. ब्रॅकेट सहा: चार वर, दोन ट्रंकेत. राइज अँड फॉल म्हणजे वर-खाली होणारा जेवणघरातला दिवा, त्याचे बहुतेक भाग ट्रंकेत. पाच हातांचं फिटिंग मात्र नव्हतं. काकूंना ते आठवत होतं. १९७८ साली दिवाणखान्यात ट्यूबलाइट आल्या, तेव्हा ते भंगारवाल्याला किलोवर गेलं. त्या काळी हे घरोघरी झालं. पाच साठ वॅटचे बल्ब लावून मिळणारा उजेड दोन ट्यूबलाइट कितीतरी कमी विजेत देत होत्या. ज्यांनी दिवे उतरवले, त्यांनी व्यवहाराचीच गोष्ट केली.

पानशेतचा गाळ

ट्रंकेतले दोन ब्रॅकेट उघडले तेव्हा पोकळ दांडीतून बारीक, राखाडी, कोरडी माती पडली. घरात साचणारी धूळ मऊ आणि तंतूमय असते. ही मात्र चिमटीत घेतली तर टाल्कम पावडरीसारखी सरकणारी, वाळून पापुद्रे झालेली होती. वरच्या मजल्यावरच्या ब्रॅकेटमध्ये तसलं काहीच नव्हतं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्याच्यामागोमाग खडकवासला गेलं आणि मुठेकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. या बंगल्याचा तळमजला बुडाला होता. काकू लग्न होऊन या घरात आल्या १९६७ मध्ये, पण सासूबाईंकडून ऐकलेलं त्यांना नीट आठवत होतं. पाणी ओसरल्यावर खालचे सगळे दिवे उतरवून अंगणात बादल्यांतून धुतले, काथ्याने घासले, वाळवले, नवी वायर ओवली आणि पुन्हा लावले. वायरही तेच सांगत होती. वर कापसाच्या वेष्टणातली रबरी वायर होती, खालच्या ब्रॅकेटमध्ये प्लॅस्टिकची.

वरच्या ब्रॅकेटवरचा ऑइलपेंट काढायला घेतला. जुन्या रंगात शिसं आहे असं धरूनच चालावं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९०) मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या रंगावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर अजिबात नाही. रिमूव्हर लावून रंग मऊ करायचा, लाकडी पट्टीने ओला खरवडायचा, निघालेला चोथा पिशवीत बांधायचा. घरात लहान मूल असेल तर हे काम घराबाहेरच करावं.

पांढरा, पिस्ता, पुन्हा पांढरा असे थर निघत गेले आणि सगळ्यांत खाली, पितळेला लागून, गुळगुळीत क्रीम रंग दिसला. हाताने मारलेला नव्हे, कारखान्यातला फवाऱ्याचा रंग. भिंतीला टेकणाऱ्या वाटीच्या आतल्या कडेलाही तोच. फक्त टोकाचा गोल मणी आणि काच धरणारी कडी बिनरंगाची, पितळी. म्हणजे हे दिवे मुळात पितळी दिसावेत म्हणून केलेलेच नव्हते. क्रीम अंगावर पितळेचा एखादा ठिपका, हीच त्या वर्षांची आवड होती. घरात १९५८ सालच्या एका मुंजीचा कृष्णधवल फोटो होता. त्यात बटूच्या डोक्यावर पाच हातांचं फिटिंग दिसतं. भिंगातून पाहिलं तर हात फिके आणि मधला गोळा गडद. फोटो आणि ब्रॅकेट एकच सांगत होते.

मग काकूंचं पितळ कुठून आलं? पुरातून. पितळेवर रंग मुळातच नीट धरत नाही. पाण्यात भिजून सुटलेला रंग काथ्याने घासल्यावर निघून गेला असणार, आणि घरच्यांनी खालचं पितळ तसंच ठेवून घासायला सुरुवात केली. १९६१ ते १९७८ खालच्या मजल्यावर पितळी दिवे, वरच्या मजल्यावर क्रीम. काकूंची आठवण शंभर टक्के खरी होती, ती फक्त खालच्या मजल्याची होती.

तीन मतं आणि निर्णय

मुलाचं मत: सगळीकडे पितळ, तेही काळपट झालेलं, कारण त्याला जुनेपण त्यातच दिसत होतं. दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या वास्तुरचनाकार बाईंचं मत: सगळीकडे क्रीम, कारण घर १९५६ चं आहे आणि एकसारखेपणा हवा. काकूंचं मत: पितळ, पण लखलखीत.

मी वर क्रीम आणि खाली पितळ सुचवलं. वरच्या ब्रॅकेटवर मूळ रंग अजून शिल्लक होता, तो उडवून पितळ दाखवणं म्हणजे या घरात कधीच नसलेली गोष्ट बनवणं झालं असतं. खाली मात्र पूर येऊन गेला होता. खालच्या दिव्यांवर पुन्हा क्रीम चढवणं म्हणजे १९६१ झालंच नाही असं म्हणणं. पुण्यात नदीकाठच्या जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची खूण दाखवणारी माणसं अजून आहेत. या घरात भिंतीवरची खूण रंगाखाली गेली होती, दिव्यांवरची शिल्लक होती. ती पुसायला मी तयार नव्हतो आणि हे मी स्पष्ट सांगितलं. वास्तुरचनाकार बाईंना ते पटायला वेळ लागला, मुलाला लगेच पटलं. काळपट की लखलखीत, हा वाद राहिला, त्याबद्दल पुढे.

वरच्या चार ब्रॅकेटपैकी तिघांचा मूळ क्रीम रंग बऱ्यापैकी निघाला. तो तसाच ठेवून फक्त साफ केला, टवके गेलेल्या जागा ब्रशने भरल्या. चौथ्याचा रंग फारच गेला होता, त्याला ड्युको, म्हणजे फवाऱ्याने मारायचा रंग, मारला. नमुना म्हणून वाटीच्या आतली, उजेड कधीच न लागलेली कड दाखवली. बाहेरचा क्रीम इतक्या वर्षांत पिवळसर झालेला असतो, त्यावरून रंग मिसळला की नवा दिवा लोण्यासारखा दिसतो. इथे मात्र चौथा बाकी तिघांच्या रांगेत बसायचा होता, म्हणून आतल्या कडेपेक्षा किंचित पिवळा घेतला.

पाच हातांच्या फिटिंगचा शोध

गेलेलं फिटिंग परत मिळणार नव्हतं, त्याच्या जातीचं शोधायचं होतं. मुंजीच्या फोटोत मागे दार होतं. ते दार अजून जागेवर आहे, उंची सात फूट. दार आणि दिवा कॅमेऱ्यापासून वेगळ्या अंतरावर असल्याने थेट प्रमाण काढून चालत नाही, पण छतावरच्या सहा इंची वर्तुळाशी वाटीची रुंदी जोडली की बाकीची मापं बऱ्यापैकी बसतात. एकूण रुंदी दोन फुटांच्या आसपास, हात खाली झुकून पुन्हा वर वळणारे, काचेचे कप वरच्या दिशेने उघडे.

पुण्यात अशा वस्तूंसाठी पहिली चक्कर जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी. मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट, शुक्रवार सोडून. दोन्हीकडे माल भरपूर आहे, पण ‘अँटिक’ म्हणून मांडलेल्यातला पुष्कळसा मुरादाबादच्या नव्या पितळेला आम्ल लावून काळवलेला असतो. नवं काम ओळखायच्या काही खुणा मी नेहमी बघतो. खरं जुनं पितळ हात लागतो तिथे उजळ आणि खाचेत काळं असतं, काळवलेलं सगळीकडे सारखं काळं. जुन्या फिटिंगचे स्क्रू एका खाचेचे असतात. ब्रिटिश पद्धतीच्या होल्डरचा आटा अर्ध्या इंचाचा, इंचाला सव्वीस वेढ्यांचा. नव्या मालात सहसा दहा मिलिमीटरचा. खिशात एक जुना होल्डर ठेवावा आणि दुकानदारासमोरच फिरवून बघावा. लोहचुंबकही ठेवावा, पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड क्षणात कळतं. एवढं केल्यावर भाव करायला बसावं, आधी नाही.

चोर बाजारात सुंदर फिटिंग दिसली, पण ती एक तर फार जुनी, कोलकात्याच्या हवेलीत शोभतील अशी, किंवा आदल्या वर्षी घडवलेली. पन्नाशीच्या दशकातल्या मध्यमवर्गीय घरातला साधा दिवा कुणी जपून ठेवत नाही, आणि दुकानदारालाही त्यात रस नसतो. अशी वस्तू मिळते ती पाडकामाच्या मालात. जुन्या इमारतींची दारं-खिडक्या विकणाऱ्या वखारवाल्यांना मी फोटो देऊन ठेवला होता. त्यातल्या एकाकडे, खिडक्यांच्या गजांच्या ढिगाखाली, पाच हातांचं फिटिंग निघालं. दोन हात वाकलेले, एकही काच नाही, मधली दांडी तुटकी. पण वाटी सहा इंची होती आणि हाताच्या बेचक्यात, जिथे ब्रश किंवा काथ्या पोचत नाही, तिथे क्रीम रंगाचा कण होता. तेच फिटिंग असेल असं मी म्हणत नाही. त्याच घराण्यातलं आहे, एवढं नक्की.

वाकलेले हात सरळ करायला कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेलं. पोकळ नळी थंडपणी वाकवली की चपटते, आणि जुनं पितळ ताणाने चिरतं. तांबटकाकांनी नळीत बारीक वाळू ठासून भरली, दोन्ही टोकं लाकडी खुंटीने बंद केली, वाकलेली जागा भट्टीवर मंद लाल होईपर्यंत तापवली, गार होऊ दिली आणि मग लाकडी ठोकळ्यावर सावकाश वळवली. धातूवर हातोडीचा एकही घाव दिसला नाही. "घाई केली की पितळ रुसतं," एवढंच म्हणाले.

काच

पैसा सगळ्यांत जास्त वायरिंगला गेला, वेळ सगळ्यांत जास्त काचेला. कप धरणाऱ्या कडीचं माप सव्वातीन इंच, हे जुन्या मालातलं नेहमीचं माप आहे, त्यामुळे कप बसणं अवघड नव्हतं. दुधीपणा जुळणं अवघड होतं.

दुधी म्हणून तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, साध्या काचेला आम्लाने किंवा वाळूच्या फवाऱ्याने खरबरीत केलेली, तिला बोट लावलं की डाग पडतो. दोन, आतून पांढरा रंग मारलेली. तीन, खरी दुधी काच, जिच्या रसातच पांढरेपणा आणणारी द्रव्यं, बहुधा फ्लोराइडची, असतात. चांगल्या दिव्यात ही दुधी काच पातळ थराने साध्या काचेवर चढवलेली असते. ओळखायचं तर कड बघायची: आडव्या छेदात पांढरी रेघ आणि पारदर्शक रेघ वेगवेगळ्या दिसतात. पेटलेल्या बल्बसमोर धरलं की खऱ्या दुधी काचेत बल्बचा ठिपका विरघळतो, रंगवलेल्या काचेत ब्रशचे फटकारे दिसतात.

महाराष्ट्राला काचेचा जुना वारसा आहे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, कराडजवळ ओगलेवाडीचा ओगले यांचा कारखाना १९१६ चा. त्यांचा प्रभाकर कंदील अजूनही कित्येक घरांत खुंटीला आहे. पण आज हाताने फुंकलेली दिव्याची काच हवी तर वाट फिरोजाबादची. तिथे साचा असेल तर काम होतं, पण पाच नगांसाठी भट्टी कुणी लावत नाही. म्हणून आधी जुना माल शोधला. तपकीर गल्लीतल्या एका जुन्या विजेच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर गवतात बांधलेले चार कप मिळाले, न वापरलेले, आकार फोटोतल्यासारखा, थर चढवलेली खरी दुधी काच. पाचवा मिळेना. शेवटी तो फिरोजाबादहून दुसऱ्या कुणाच्या मोठ्या ऑर्डरसोबत करवून घेतला. दिवा बंद असताना फरक कळत नाही. लावला की जुने चार किंचित पिवळसर आणि हा निळसर. तो भिंतीकडच्या हाताला बसवला आणि काकूंना सांगून बसवला.

जेवणघरातला वर-खाली होणारा दिवा

या घरातली माझी सगळ्यांत आवडती वस्तू हीच, आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त विचार लागला. रचना अशी: वायर छताच्या रोझमधून, म्हणजे वायर जोडायच्या छतावरच्या डबीतून, खाली येते, चिनी मातीच्या वजनावरच्या कप्पीखालून वळून पुन्हा वर जाते, छतावरच्या कप्पीवरून खाली उतरते आणि तिच्या टोकाला काचेची छत्री. छत्री हाताने ओढली की खाली येते, ढकलली की वर जाते, सोडाल तिथे थांबते. जेवताना खाली, ताट आवरल्यावर वर.

वजन वायरीच्या दोन पदरांवर लटकतं, छत्री एका पदरावर. म्हणून तोल साधायला वजन छत्रीच्या दुप्पट लागतं. छत्रीच्या बाजूला दहा ग्रॅम वाढले तर वजनात वीस ग्रॅम घालावे लागतात, आणि छताच्या पट्टीवर छत्रीच्या तिप्पट भार येतो. हे लक्षात न घेता नवा बल्ब लावला की दिवा आपोआप खाली घसरायला लागतो आणि लोक कप्पी बिघडली म्हणून तक्रार करतात.

इथे एलईडीचा प्रश्न आला. जाड बुडाचे, धातूच्या पंखांचे एलईडी बल्ब जुन्या काचेच्या बल्बपेक्षा चांगलेच जड असतात. फिलामेंट पद्धतीचे एलईडी जवळजवळ जुन्या बल्बइतकेच हलके, म्हणून तेच घेतले. पण नवी वायर जुनीपेक्षा जड निघाली. चिनी मातीच्या गोळ्याचं पितळी टोपण उघडून छर्रे घालत-काढत तोल साधला. छत्री टेबलापासून दोन फुटांवर आणून सोडायची, मग वर, मग अगदी छताजवळ, आणि तिन्हीकडे ती थांबते का बघायचं. वर थांबते पण खाली घसरते, कारण खाली आल्यावर तिच्या बाजूची वायर लांब होते आणि तिचंही वजन लागतं. मधल्या उंचीवर तोल धरून बाकीचं कप्पीच्या घर्षणावर सोडायचं. म्हणूनच या कप्पीला तेल घालायचं नसतं. छर्रे शिशाचे, तेव्हा हातमोजे घालून काम आणि टोपण पुन्हा घट्ट बंद.

सुरक्षेचा प्रश्न याहून मोठा. इथे वायर वीजही वाहते आणि भारही उचलते, शिवाय रोज वाकते. कप्पीची खाच बारीक, तीन पदरी वायर तिच्यात बसत नाही, म्हणजे खाली अर्थिंग नेता येत नाही. म्हणून छत्रीच्या बाजूला हाताला लागेल असा धातूच ठेवला नाही: होल्डर बॅकेलाइटचा, छत्री धरणारी कडीही बॅकेलाइटची. वायर दुहेरी इन्सुलेशनची, बारीक तारांची, कापडी वेष्टणातली. वजनाच्या कप्पीला मात्र अर्थिंग नेता येत नाही, तिथे वायरीचं ते दुहेरी इन्सुलेशनच राखण. छताची पट्टी आणि तिथली कप्पी अर्थिंगला जोडली. भार होल्डरच्या स्क्रूवर येऊ नये म्हणून आत गाठ आणि पकड, दोन्ही. ही वायर दर दोन-तीन वर्षांनी बदलायची, चांगली दिसली तरी.

वीज

बाकीच्या घरात नियम एकच ठेवला: ज्यातून वीज जाते ते सगळं नवं. वरची रबरी वायर बोटाने दाबली की बिस्किटासारखी तुटत होती. सागवानी पट्ट्यांवरची ती सगळी वायरिंग बाद केली, पट्ट्या काही ठिकाणी तशाच ठेवल्या. त्या काळी दिव्यांच्या पॉइंटला अर्थिंग नेतच नसत. धातूच्या अंगाच्या दिव्याला ते हवंच, म्हणून प्रत्येक ब्रॅकेटच्या वाटीत आतून अर्थिंगचा स्क्रू बसवला. दोन खोल्यांत बटण न्यूट्रलवर निघालं, म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत. जुन्या घरात बल्ब बदलण्याआधी हे टेस्टरने बघून घ्यावं. नवी वायरिंग मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, तपासली आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला.

बल्ब सगळे पिनचे, २७०० केल्विनचे, म्हणजे जुन्या बल्बसारख्या पिवळसर उजेडाचे. पाच हातांच्या फिटिंगला प्रत्येकी चार वॅट. कप वर उघडे असल्याने उष्णता निघून जाते. जिन्यातल्या बंद गोल ग्लोबमध्ये तसं होत नाही, आणि एलईडीची आतली इलेक्ट्रॉनिक्स उष्णतेने लवकर मरते, म्हणून तिथे बंद दिव्यासाठी चालणारा, कमी वॅटचा बल्ब घेतला.

घासायचं की नाही

काकूंना लखलखीत हवं होतं. मुलाला काळपट. पुराव्याने बघितलं तर या घरात पितळ काळं पडू दिलेलं नव्हतं, दर दिवाळीला घासलेलं होतं. तेव्हा काकूंचं म्हणणं मान्य केलं, पण चिंच बंद केली. चिंचेच्या आम्लात पितळेतलं जस्त विरघळतं आणि जागोजागी तांबूस डाग राहतात, तेच ट्रंकेतल्या ब्रॅकेटवर होते. शिवाय ओला चोथा आट्यांत आणि जोडांत साचून हिरवं पडतं, आणि आता आत वीज आहे. मशिनचा बफही मारला नाही, कारण कडीवरची बारीक रेघ बफाखाली जाते. हाताने, मऊ कापडाने, पॉलिशची पेस्ट लावून घासलं. लॅकर, म्हणजे चमक टिकवणारा पारदर्शक थर, मारायला काकूंनी नकार दिला. लॅकर मारलं तर घासता येत नाही. म्हणून तसंच ठेवलं. बल्ब काढून, मेन बंद करून, कोरड्या पेस्टने वर्षातून एकदा, असं लिहून दिलं.

त्याच कागदावर इतर गोष्टीही लिहिल्या: कोणता भाग मूळ, कोणता बदललेला, पाचवा कप कुठे बसवलाय, चौथ्या ब्रॅकेटचा रंग नवा आहे. पुढे कुणी हे दिवे उघडले तर त्याला अंदाज बांधत बसावं लागू नये. काच धरणारे तीन स्क्रू कधीही पूर्ण आवळायचे नाहीत, काच हाताने जराशी हलली पाहिजे. तापून फुगायला तिला जागा लागते.

पोर्चमधल्या दिव्याची वहीत नोंद नाही आणि फोटोही नाही. छतावर फक्त गुटका आणि स्क्रूची चार भोकं आहेत, चौकोनात. तिथे सध्या साधा बॅकेलाइटचा होल्डर लावून ठेवलाय. वखारवाल्यांना भोकांमधलं अंतर लिहून दिलंय.